मायचं मत

कस्तुराबाईला दोन लेक, अन् दोघांच्या घरी तिची पाळी. एक पुनव ते पुनव थोरल्या बन्सीधरकडं, पुढची धाकट्या बालाजीकडं. वाटणीत वावर वाटलं, बैलं वाटली, तशी मायबी वाटली. म्हातारीचे पाय गेले होते, पण डोळे शाबूत अन् जीभ तर वस्तऱ्यासारखी. "खाटंवर हाय, मसणात न्हाई," असं ती सुनांना रोज ऐकवायची.

पण या इलेक्शनात सरकारनं भलतंच काढलं. पंच्याऐंशीच्या वरच्या म्हाताऱ्यांचं मत आधीच घरी येऊन घेणार म्हणे. झालं! इलेक्शनला उभे आबासाहेब अन् गोपीचंद; बन्सीधर आबासाहेबांचा माणूस, बालाजी गोपीचंदचा. आबासाहेबवाले म्हाताऱ्यांचे कागद स्वतःच भरतात, असं गोपीचंदवाले बोंबलायचे. आबासाहेबवाले म्हणायचे, चोराच्या उलट्या बोंबा. यावरून बोरीच्या बाजारात दोघा भावांनी एकमेकांची गचांडी धरली होती. गावाचा हिशेब मात्र साधा: ज्याच्या पाळीत माय, त्याच्या पार्टीला मायचं मत. मायला विचारतंय कोण!

मत घेणारी गाडी आली ती नेमकी पुनवेलाच. बालाजीनं उजाडताच मायला उचलून आपल्या घरी नेलं. बन्सीधर अंघोळ करून येतो तर खाट मोकळी.

"पाळी सांजच्याला बदलती! दिवसभर माय मपली हाय!" तो भिंतीपलीकडून गरजला.

"पुनव उजाडली का न्हाई? मग मपली," बालाजी म्हणाला.

गाडीतल्या साहेबानं कपाळाला हात लावला. "अहो, आजी कुठंही असू द्या. मत आजीचं आहे."

"आयकलं का मुडद्यांनो?" कस्तुराबाई ओरडली. "मपलं मत मीच देणार. सोबतीला कुणी नगं."

साहेबानं आतल्या खोलीत पुठ्ठ्याचा आडोसा लावला, शूटिंग घेणारा कॅमेरावाला अन् सोबतचा पोलीस धरून सगळ्यांना अंगणात काढलं अन् दार ओढून घेतलं. मत गुप्त राहिलं पाहिजे ना! म्हातारीच्या मांडीवर कागद, हातात पेन. अख्ख्या जन्मात तिला एकटीला कुणी काही विचारलं नव्हतं. बाईची छाती कशी फुलून आली! तिनं खूण केली. कुणाला केली, ते तिचं तिला ठाऊक.

ती कागदाची घडी घालत होती तेवढ्यात बन्सीधर मागच्या दारानं आत आला. पुढच्या दाराला त्यानं आतून कडी घातली.

"बघू दे, माय."

"न्हाई."

त्यानं तिचा हात पिरगाळला. मनगट कटकन मोडलं अन् कागद त्याच्या मुठीत गेला. म्हातारीनं टाहो फोडला, "बाळूऽऽ!"

बालाजी मागच्या दारानं धावत आला. मायचा लोंबता हात बघितला अन् त्याचं डोकं फिरलं. ऊसतोडीला जायचं म्हणून कालच पाजळलेला कोयता भिंतीला होता, तो त्यानं ओढला. "मायच्या अंगाला हात लावायलास, हरामखोरा!" पहिल्याच घावात बन्सीधरचा कान लोंबला. मग दोघं मागच्या दाराशी रचलेल्या ज्वारीच्या पोत्यांवर कोसळले, अन् पोती ढासळून ते दारबी अडलं. लाथा झाल्या, चावे झाले. बाहेरून दार धडाधड वाजत होतं. कस्तुराबाई ओरडत होती, पण तिचं कोण ऐकतंय! झटापटीत कोयता बन्सीधरच्या हाती आला अन् त्यानं बालाजीच्या खांद्यात घातला. बालाजी भिंतीला टेकत खाली बसला. कोयता तर त्याच्या हातून सुटलाच होता, वर त्यानं हात जोडले.

"दादा, बास. बास, दादा."

बन्सीधरनं दुसरा घाव डोक्यात घातला. रक्त मायच्या तोंडावर उडालं.

दार मोडून पोलीस आत आला तेव्हा बन्सीधरनं कोयता फेकला. "त्यानं मारला पयला! म्या जीव वाचिवला मपला!" लोंबता कान सगळ्यांना दिसत होता. चूक बालाजीचीच, असा आबासाहेबांच्या माणसांनी अंगणातच निकाल देऊन टाकला. गोपीचंदच्या माणसांनी दगड उचलले. गाडीच्या काचा फुटल्या, चारदोन डोकी फुटली. पोलीस वाढले तेव्हा कुठं आळा बसला.

फौजदार खाटेपाशी उकिडवा बसला. "आजी, आत तुम्हीच होतात. काय झालं?"

बालाजीची बायको दैवशाला मेलेल्या नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, तिला शुद्ध नव्हती म्हटलं तरी चालेल. बन्सीधरच्या बायकोनं, राजेश्रीनं, सासूचे पाय धरले. "आत्याबाई, त्यानंच कोयता काढला म्हणा. एवढंच म्हणा."

खोटं नव्हतंच ते. पण हाक कस्तुराबाईनंच मारली होती, ती हाक मारली नसती तर बाळू आलाच नसता. तिनं मोडका हात छातीशी धरला.

"कोयता बाळूनंच काढला, साहेब. मपल्यासाठी काढला. पर मग त्यो खाली बसला, हात जोडले. बास दादा म्हणला. तवा बन्सीनं डोक्यात घातला."

"माय!" बन्सीधर किंचाळला.

राजेश्रीनं तिचे पाय गदगदा हलवले. "आत्याबाई, लेक हाय वो तुमचा!"

म्हातारीनं दैवशालाच्या मांडीकडं बघितलं.

"त्योबी मपलाच व्हता," ती म्हणाली.