देवी कोणी लिहिली

जव्हारच्या बाजारपेठेत सादिकचं फोटो फ्रेमचं दुकान आहे. देवांचे फोटो, लग्नाचे फोटो, वारलेल्यांचे फोटो, जे येईल त्याला चौकट ठोकून द्यायची हा धंदा. पण या माणसाला चित्रांचं भलतंच वेड. महिन्यातून एकदा पहाटेची एसटी धरायची, मुंबई नाहीतर नाशिक गाठायचं आणि कुठलं ना कुठलं प्रदर्शन बघून यायचं. त्याची बायको झरीना म्हणायची, "लोग दरगाह जाते हैं, हमारे मियां तस्वीरें देखने जाते हैं." पंचवीस वर्षं हे चाललं होतं.

चित्रासमोर उभा राहिला की हा अर्धा अर्धा तास हलायचा नाही. पण उद्घाटनाच्या पार्टीत चित्रकार आणि खरेदीदार घोळका करून उभे असायचे, आणि हा बशीत दोन काजू घेऊन खांबाशी. एकदा धीर करून त्याने एका मोठ्या चित्रकाराला विचारलं, "साहेब, यात निळा आधी लावला की लाल?" त्या गृहस्थाने उत्तर म्हणून आपला रिकामा ग्लास त्याच्या हातात दिला. वेटर समजला मेला! सादिकने तो ग्लास निमूटपणे आत नेऊन ठेवला. ही गोष्ट त्याने झरीनालाही कधी सांगितली नाही.

गेल्या हिवाळ्यात मात्र त्याचं नशीब फिरलं. शर्वरी केळुसकर नावाच्या एक गॅलरीवाल्या बाई मुंबईहून आल्या. जव्हारबाहेरच्या एका रिसॉर्टवर प्रदर्शन भरवायचं, गाड्या भरभरून पाहुणे आणायचे असा त्यांचा बेत होता. चहाच्या कपांवर आणि पिशव्यांवर असतात तसली वारली चित्रं त्यांना नको होती.

"मला लग्नाचा खरा चौक हवाय, सादिकभाई. तुमच्याशिवाय इथे कोण आणू शकेल?"

सादिकभाई! गॅलरीवाल्या बाईने नावाने हाक मारली म्हटल्यावर आमचा गडी जागच्या जागी विरघळला.

मोखाड्याच्या पलीकडे एका पाड्यावर हौशी राहते. वारली लोकांत लग्नघराच्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. काढतात असं नाही म्हणत, लिहितात म्हणतात. त्या चौकाच्या मधोमध पालघट देवी बसते, आणि ती बसल्याशिवाय लग्न लागत नाही. हौशीचा हात असा की चार पाड्यांत तिला बोलावल्याशिवाय कुणाचं लग्न उभं राहत नसे. सादिक नुसता तिचं लिहिणं बघायला म्हणून त्या लग्नांना जायचा. आमंत्रण असो नसो, हौशीचा नवरा देवराम त्याला भिंतीसमोर जागा करून द्यायचा.

सादिक शेअर जीपने पाड्यावर गेला. हौशी कापडावर लिहायला तयार झाली, पण तिने एक अट घातली.

"चौकट लिहीन, झाडं लिहीन, घोडा लिहीन. मधी देवी नाय लिहिणार."

"का गं?"

"लगीन नाय, धवलेरीचं गाणं नाय, देवी कशाला येल? आन बसवली तं लगीन लावल्याबिगर उठंल कशी? मधली जागा रिकामीच राहील. पायजे तं घे, नायतं दुसरी बाय बघ."

धवलेरी म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. हे सगळं सादिकला ठाऊक होतं. "कबूल, हौशीबाय," तो म्हणाला. "माझा शब्द."

आठ दिवसांत कापड आलं. काय लिहिलं होतं बाईने! चौकटीची एकेक रेघ मोजून ओढल्यासारखी, आणि मध्ये गेरूने सारवलेली ती मोकळी लाल जागा. सादिकने फोटो काढून शर्वरीबाईंना पाठवला. लगेच फोन वाजला.

"अहो, हे अपुरं आहे! देवीशिवाय चौक कसला? पाहुणे काय रिकामी जागा बघायला येणार आहेत? परवा उद्घाटन आहे, सादिकभाई. तुम्हाला पहिल्या रांगेत बसवायचं ठरवलंय मी."

बाई, हा चौक असाच पुरा असतो, एवढं म्हटलं असतं तर जीभ झडली नसती. पण समोर पहिली रांग दिसत होती. सादिक म्हणाला, "होईल पूर्ण."

दुपारी बाजार सुस्त झाला तेव्हा त्याने शटर अर्धं ओढलं. तांदळाचं पीठ कालवलं, बांबूची काडी दातांनी चावून तिचा कुंचला केला आणि देवी लिहिली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चित्रांना चौकटी ठोकलेल्या माणसाने पहिल्यांदा स्वतः काही लिहिलं होतं, आणि ते चांगलं उतरलं होतं. त्या तासाभरात तो इतका सुखी होता की हौशीला दिलेला शब्द त्याला आठवलाच नाही. निदान तो स्वतःला तसं सांगतो.

उद्घाटनाच्या संध्याकाळी रिसॉर्टच्या हिरवळीवर टेबलं मांडली होती, बाटल्या मांडल्या होत्या. सादिक नवी बंडी घालून पहिल्या रांगेत बसला. एका चित्रकाराने आपणहून येऊन त्याचं मत विचारलं. आणि मग शर्वरीबाईंनी पाठवलेल्या जीपमधून हौशी आणि देवराम उतरले. चित्र लिहिणारी बाई पाहुण्यांना दाखवायला नको का?

हौशी चौकासमोर गेली आणि थबकली. तिने देवीकडे पाहिलं, मग मागे वळून सादिककडे पाहिलं. तेवढ्यात शर्वरीबाई माइकवर म्हणाल्या, "आणि ही पालघट देवी, हौशीबाईंच्या हातची!"

टाळ्या पडल्या. हौशीची नजर काही सादिकवरून हलेना. "देवी मी लिहिली," या तीन शब्दांचं काम होतं. पण ते तीन शब्द उच्चारले की चित्र खोटं ठरणार, शर्वरीबाई तोंडघशी पडणार, आणि हा पुन्हा खांबाशी जाऊन उभा राहणार. सादिकने खाली मान घातली आणि सरबताचा घोट घेतला.

फोटोवाल्यांनी हौशीला देवीशेजारी उभं केलं. मागे बाटल्यांचं टेबल लख्ख दिसत होतं. ती जाताना एवढंच म्हणाली, "निघते, सादिकभाय."

ते फोटो चार दिवसांत पाड्यापाड्यांवरच्या मोबाईलवर पोचले. सादिकला त्याचा पत्ता लागला तो थेट लगीनसराईत, मोखाड्याच्या आठवडे बाजारात. हौशीच्या पाड्यावरची ठकी तिथे सुकी मासळी विकायला बसली होती.

"हौशीला आता चौकाला कोणी बोलवत नाय," ती म्हणाली. "दारूच्या पार्टीत देवी बसवली तिनं, लगीन न लावता. तिची नात पोशी, तिचंबी लगीन होतं ना. तिथंबी नाय बोलवली."

बाजार तसाच टाकून सादिकने जीप धरली. आज सगळ्या पाड्यासमोर सांगायचं, मग शर्वरीबाई काय म्हणायचं ते म्हणोत, असं वाटेत त्याने दहा वेळा घोकलं.

पाड्यावर हौशीच्या घरापुढे मांडव उभा होता, पण माणसं नव्हती. लग्न आदल्याच दिवशी झालं होतं. आतल्या भिंतीवर दुसऱ्या बायकांनी लिहिलेला चौक होता, रेघा वाकड्यातिकड्या. हौशी ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"हौशीबाय, माझं चुकलं. देवी मी लिहिली. आत्ता सांगतो सगळ्यांना, बोलव."

"मला तवाच कळलं," ती तांदळातून मान वर न करता म्हणाली. "माझा हात मला ठावं नाय व्हय?"

"मग तिथंच का नाही बोललीस?"

"तू बोलशील म्हून थांबले."

"आता बोलतो ना," तो म्हणाला.

"गप बस. पाड्यानं इचारलं तवा मीच सांगलं, देवी माझीच म्हून."

"अगं, पण का?"

"मंग काय सांगू? तुझं नाव घेतलं असतं तं पोरं गाड्या भरून जव्हारला आली असती. देवी मुसलमानानं बसवली म्हून. तुझं दुकान राहलं असतं? झरीनाभाबी घरात एकली असते." तिने एक खडा उचलून अंगणात टाकला. "पोशी लय रडली. आजीनंच लिहावा म्हणली. मला हितंच बसवली, ओट्यावर. गाणं आयकलं मी हितून."

"मी आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांना समजावीन, तुमच्या पोरांना..."

"कोणाला काय नाय सांगायचं. आता सांगशील तं मी खोटी पडंल, नि तुझंबी जाईल. जा आता. तिकडं जीप भरत आली."

आतून देवराम पाण्याचा तांब्या घेऊन आला. तो ओट्यावर ठेवून परत आत गेला. सादिक पाणी प्यायला आणि निघाला.

जीप जव्हारच्या घाटाला लागली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्याला हायसं वाटतंय. दुकान वाचलं, नाव वाचलं, आणि आता बोलायची गरज उरली नाही, उलट न बोलणंच भलं. हौशीनेच तसं सांगितलं होतं. आपल्याच थोबाडीत एक ठेवून द्यावी असं त्याला वाटलं, पण जीपमध्ये माणसं होती, ती काय म्हणतील, म्हणून त्याने तेवढंही केलं नाही.