काचेची ज्योत

"आणि आता," सलिल माईकवर म्हणाला, "ज्याच्यासाठी आपण सगळे थांबलोय, तो माणूस."

उत्तरेश्वर स्टेजच्या पायऱ्या चढला, तेव्हा मागच्या पडद्यावर त्याचाच फोटो झळकला. दवाखान्यातली खाट, हाताला सलाइन आणि मांडीवर उघडा लॅपटॉप. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'थांबणं माहीत नाही.' हिंजवडीतल्या त्या सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. उत्तरेश्वरनं पडद्याकडे पाहिलं आणि मग पुढच्या रांगेत बसलेल्या बायकोकडे. अस्मिता टाळ्या वाजवत नव्हती.

धाराशिवकडचा हा मुलगा शिकायला म्हणून पुण्यात आला आणि इथलाच झाला. ऑफिसात त्याचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्याला यूटी म्हणत. त्याला कुणालाच नकार देता येत नाही, हे त्याचा साहेब सलिल यानं सुरुवातीलाच हेरलं होतं. दुसऱ्यांचं राहिलेलं काम, रविवारचं काम, अमेरिकेतल्या क्लायंटच्या सोयीनं चालणारं काम, सगळं फिरून फिरून त्याच्याच टेबलावर येई. दिवाळीनंतर एका सकाळी कंपनीच्या बसमध्ये तो बसल्या जागेवरून खाली घसरला. डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, पण माणूस पार थकलाय, महिनाभर पूर्ण विश्रांती द्या. शुद्धीवर आल्यावर त्यानं आधी लॅपटॉप मागितला.

फोटो अस्मितानंच काढला होता. तो सलिलला पाठवून तिनं वर फोनही केला होता. सलाइन चालू असतानाही हा तुमचंच काम करतोय, आता तरी त्याला काही पाठवू नका, असं सांगितलं होतं. सलिलनं अगदी आपुलकीनं ऐकून घेतलं, वहिनी तुम्ही निश्चिंत राहा म्हणाला. महिना भरायच्या आतच उत्तरेश्वर कामावर हजर झाला. आणि फोटो आता असा भिंतभर पसरला होता.

पुरस्कार म्हणजे काचेची एक ज्योत होती. ती त्याच्या हातात ठेवून सलिलनं अस्मितालाही वर बोलावलं. अशा माणसाच्या मागे घरचे कसे उभे असतात, ते त्यांच्याच तोंडून ऐकू या, म्हणाला.

अस्मितानं माईक घेतला.

"हा फोटो मी काढलाय," ती म्हणाली. पुन्हा टाळ्या झाल्या. त्या संपेपर्यंत ती थांबली. "तक्रार म्हणून पाठवला होता. माझ्या नवऱ्याला आता सोडा, एवढंच सांगायचं होतं."

सलिलनं एकदा उत्तरेश्वरकडे पाहिलं आणि मग तो मोकळेपणानं हसला. "घरून तक्रार आली, की समजायचं माणूस खरा झोकून देतोय," तो म्हणाला. पुढची रांग हसली, मग मागच्या हसल्या. आणि त्यांच्याबरोबर उत्तरेश्वरही हसला. हसू आलं होतं असं नाही. साहेब हसले की हसायची चेहऱ्याला सवय लागली होती.

परतीच्या कॅबमध्ये ज्योत दोघांच्या मध्ये पडून होती. वाकडच्या पुलाखाली गाड्या खोळंबल्या होत्या.

"मी तुझ्यासाठी भांडत होते," चांदणी चौक आल्यावर अस्मिता म्हणाली.

"माहितीये."

"मग तू त्यांच्यात कसा होतास?"

उत्तरेश्वरनं मधली ज्योत उचलून पायाशी ठेवली.

सोमवारी वारज्याच्या थांब्यावर नेहमीची बस आली. दार उघडलं. तो बसमध्ये घसरला त्या दिवशी त्याला उचलून सीटवर झोपवणारा सर्जेराव ड्रायव्हर वरून म्हणाला, "या की साहेब. गर्दी न्हाई आज."

उत्तरेश्वर दांडीला धरून उभा राहिला. दुखत कुठेच नव्हतं. पाय तेवढा उचलत नव्हता.

"तुम्ही व्हा पुढं, सर्जेराव."

"मागल्या गाडीनं येताय?"

"नाही."

बस गेली. तो रस्ता ओलांडून शनिवार पेठेकडे निघाला. तिथल्या एका चष्म्याच्या दुकानात अस्मिता डोळे तपासायचं काम करायची. त्याला दारात पाहून तिच्या हातातली काच तशीच राहिली.

"आज गेलो नाही," तो म्हणाला.

"बस."

"उद्याचं माहीत नाही. मला काही सुचतच नाहीये, अस्मिता."

तिनं त्याला तपासणीच्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. दोन घोट पिऊन होतात तोच त्याची मान कलली. तिनं ग्लास अलगद काढून घेतला. त्याच्या खिशात फोन थरथरत होता; तिनं काढून पाहिला, तर त्यावर सलिलचं नाव होतं. तो तिनं बंद केला आणि चष्मे पुसायच्या फडक्यांखाली ठेवून दिला. झोपेतही उत्तरेश्वरच्या कपाळावरची आठी गेली नव्हती.

तेवढ्यात एक आजोबा आत आले. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं.

"यांचे डोळे तपासून व्हायला किती वेळ लागेल?"

"सांगता येत नाही. आपण उद्या या."

"मग दुकान उघडं कशाला ठेवलंय?"

एरवी अस्मितानं तिथल्या तिथे परतफेड केली असती. आज ती "हळू बोला" एवढंच म्हणाली आणि उठून तिनं शटर अर्धं खाली ओढलं. त्याच्या तोंडावर ऊन येत होतं.