बाप्तिस्म्याचा दाखला

ओतिलियाच्या पत्राला लुद्विकने उत्तर दिलं नव्हतं. नाताळाआधी आलेलं पत्र ईस्टर होऊन गेला तरी टेबलावर तसंच पडून होतं.

व्रोत्सवाफ शहरातून नातीने लिहिलं होतं, की तिला चर्चमधून नाव काढून घ्यायचंय. त्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला लागतो, आणि बाप्तिस्मा आजोबांच्या गावात झालेला. ती स्वतः मागवू शकली असती, पण त्यांच्या पाठीमागे काही करायचं नव्हतं. ‘तुम्ही पाठवलात तर मी अजून तुमची आहे असं समजेन. नाही पाठवलात तर तेही समजेन.’

लुद्विकची हयात गावच्या वाचनालयात गेली. देवाच्या बाजूची आणि विरुद्धची पुस्तकं त्याने एकाच कपाटात लावली होती. उत्तराचे खर्डे त्याने केले. एकात युक्तिवाद होता, एकात विनवणी. वाचताना दोन्ही दुसऱ्या कोणाचे वाटले, म्हणून फाडले. आपण स्वतः काय मानतो हे लिहायला घेतलं की हात थांबायचा. दर रविवारी आपण तिसऱ्या बाकावर बसतो, एवढंच त्याला खात्रीने सांगता आलं असतं.

मे महिन्यात मुलीचा, ओतिलियाच्या आईचा, फोन आला. ओतिलिया यंदा उन्हाळ्यात येणार नाही. कारण विचारलं तर म्हणते, आजोबांना विचार. तुमचं काही बिनसलंय का? लुद्विक नाही म्हणाला. फोन ठेवून त्याने टोपी घातली आणि चर्चच्या कचेरीत गेला.

फादर सेवेरिन त्याच्या मुलीपेक्षाही लहान, बोलका. ओतिलियाचा दाखला म्हणताच तो खुलला. मुलगा कुठला, लग्न इथंच लावा, असं बोलत त्याने जाड रजिस्टर उघडलं. नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. पण नाव काढलं की इकडे कळवतात आणि याच पानाच्या समासात तशी नोंद होते, हे लुद्विकला ठाऊक होतं.

“लग्न नाही, फादर. तिला सोडायचंय.”

“कोणाला?”

“तुम्हाला. म्हणजे, आपल्याला.”

फादरने पेन खाली ठेवलं. “मीही वेडाच. लग्नासाठी दाखला मागायला हल्ली येतंय कोण? पण आजोबा, तुम्ही स्वतः न्यायला आलात?”

“तिने माझ्याकडे मागितलाय.”

“समजवा की तिला.”

“काय समजवू?”

फादरने पेन पुन्हा उचललं. त्याने दाखला लिहिला, शिक्का मारला आणि तो हातात देताना विचारलं, वाईट वाटतंय का?

लुद्विकने आत चाचपून पाहिलं. दात काढल्यावर बधिर हिरडीवरून जीभ फिरवावी, तसं.

“अजून नाही,” तो म्हणाला.

घरी गेला असता तर पुन्हा खर्डेच झाले असते. तो थेट पोस्टात गेला आणि दोरीला बांधलेल्या पेनाने चिठ्ठी लिहिली: ‘ओतिलिया, दाखला पाठवतोय. उशीर झाला. माझं मत काय, ते मला नीट कळलेलं नाही. उन्हाळ्यात ये. आजोबा.’

साधं टपाल की रजिस्टर्ड, असं खिडकीवरच्या बाईने विचारलं. रजिस्टर्ड, तो म्हणाला. तिने पाकिटाचं वजन केलं, तिकीट चिकटवलं आणि ते मागच्या टोपलीत टाकलं.