तीन बोटांची वीट

मित्रांनो, माझ्यासमोर एक पाटी ठेवली आहे. 'जुन्या काळची वीट. हात लावू नये.' पाटी लिहिणाऱ्याला खरे कारण ठाऊक नाही, तरी पाटी योग्यच आहे. होय, मी एक जुनी वीट आहे. घाबरू नका, आजवर मी कुणाच्या डोक्यात पडलेली नाही. पण माझ्या पोटावर तीन खळगे आहेत, आणि त्यांत कुणाची बोटे नेमकी बसतात ते मला माहीत आहे. आधी ते ऐका, मग काय तो हात लावा.

हनोई शहराच्या खालच्या अंगाला, तांबड्या नदीच्या काठी, थिन नावाचा वीटभट्टीवाला राहत होता. त्याचा आजा विटा पाडायचा, बाप विटा पाडायचा, म्हणून तोही पाडायचा. तुला दुसरे काही करायचे आहे का, असे त्याला कुणी विचारले नाही आणि त्याच्याही कधी मनात आले नाही. एका भर दुपारी तो जेवून आडवा झाला होता. मी नुकतीच साच्यातून निघून उन्हात पडले होते, ओली आणि मऊ. त्याची सात वर्षांची मुलगी लुआ आली, तिने इकडेतिकडे पाहिले आणि तीन बोटे माझ्यात खोलवर रुतवली.

थिनला जाग आली. "अगं कार्टे, नासवलीस ना वीट!"

"नासवली नाही बाबा. खूण केली."

"विटेला कशाला हवी खूण?"

"हरवली तर सापडणार कशी?"

थिनने कपाळाला हात लावला. पण त्याने मला मोडून परत चिखलात टाकले नाही. इतर विटांबरोबर मला भाजून काढले, आणि लुआची ती बोटे माझ्यात कायमची राहिली.

त्या गावात एक रीत होती. परगावच्या मुलाला गावची मुलगी हवी असेल, तर त्याने गावाच्या वाटेचा एक तुकडा विटांनी बांधून द्यायचा. लुआला मागणी घालणारा पोरगा नदीपलीकडचा, खिसा रिकामा. तो थिनच्याच भट्टीवर एक हंगाम राबला आणि मजुरी म्हणून त्याने विटाच घेतल्या. बायका म्हणायच्या, "सासऱ्याच्याच विटा आणि सासऱ्याच्याच दारात. जावई गुणाचा दिसतोय." लुआने मला शोधून काढले आणि बरोब्बर तिच्या उंबऱ्यासमोर बसवले. मला कुणी विकले नाही, कुणी विकत घेतले नाही. कुणी काय द्यायचे, कुणी काय घ्यायचे, ते साऱ्या गावाला पाठ होते. त्यात सुख होते, मी नाही म्हणणार नाही. पण एका पोराकडे विटाही नव्हत्या आणि त्याला राबू देईल अशी भट्टीही नव्हती. तो वाटेच्या तोंडाशी थोडा वेळ उभा राहिला आणि माघारी गेला. त्याची वाट बघणारी मुलगी पुढे जन्मभर माझ्यावरूनच पाणी आणायला जात असे. तिचे पाऊल फार हलके पडायचे.

मग काळ पालटला आणि भट्टी साऱ्या गावाची झाली. विटा दिल्याशिवाय लग्न नाही ही रीत मोडली, ते फार चांगले झाले. थिन तिथेच काम करत राहिला. आता घंटा वाजली की जायचे, आणि महिन्याला किती विटा पाडायच्या ते वरून लिहून यायचे. आकडा भरायच्या घाईत विटा अर्ध्याकच्च्या निघू लागल्या. थिन एखादी उचलून टिचकी मारायचा. आवाज बद्द यायचा. तो ती परत खाली ठेवायचा.

पुढे थिन म्हातारपणाने गेला, लुआचा नवरा लढाईत गेला. लुआ हनोईत राहणाऱ्या आपल्या मुलीकडे, मिएनकडे, जायला निघाली. निघताना तिने पहार आणली आणि मला वाटेतून उपटले.

"गावाची वीट आहे ती," शेजारीण म्हणाली.

"मग गावाला सांगा, लुआने भोक पाडलं म्हणून."

शहरात त्या दिवसांत तांदूळ, साखर, रॉकेल, कापड, सगळे सरकारी दुकानात कुपनावर मिळत असे. भाव कुणालाही परवडावा असा होता. फक्त माल कधी येईल आणि किती येईल ते कुणाला सांगता यायचे नाही. त्यामुळे ज्याच्याकडे पैसा त्याला नव्हे, तर जो रांगेत पुढे त्याला वस्तू मिळायची. उभे राहून पायांचे तुकडे पडायचे, म्हणून लोकांनी युक्ती काढली होती. आपली वीट रांगेत ठेवायची आणि घरी जायचे. कुणी विटेवर खडूने नाव लिहायचे, कुणी तिला चुना लावायचे. माझी खूण तर आधीचीच होती. रांग पुढे सरकली की ज्याने त्याने येऊन आपली वीट पुढे घ्यायची. जी तशीच राहील तिला ओलांडून बाकीचे जायचे, पण तिला उचलून बाहेर कुणी टाकायचे नाही.

लोक आमच्याशी माणसांसारखे वागत. "लुआमावशी, जरा अंग चोरा," असे म्हणून मला बोटभर बाजूला करत. दुपारी दुकान बंद व्हायचे, सारी गल्ली झोपी जायची आणि तापलेल्या फरसबंदीवर आम्ही विटाच तेवढ्या उरायचो. माणूस एकही नाही, आणि रांग मात्र आहे. मला कसेसेच व्हायचे. कुणीतरी मागून आपल्याला मोजते आहे असे वाटायचे.

लुआ कधी माझ्याशेजारी बसली तर खळग्यांत बोटे घालून बघायची. कामाने जाड झालेली ती बोटे आत जायची नाहीत. "बघ, माझीच बोटं मला ओळखेनाशी झाली," म्हणून ती हसायची.

मिएनला मुलगी झाली. नाव होआई. मिएनला दूध येईना. पोरीला पेजेच्या पाण्यावर ठेवले होते. आधी ती रडायची, मग तिने रडणेही सोडले. लुआ त्या शांततेला भ्यायली. दुधाचे डबे येणार अशी बातमी लागताच ती दवाखान्याची चिठ्ठी घेऊन धावली आणि तिने मला रांगेत ठेवले. मग लक्षात आले, कुपनांचे पुस्तक घरीच राहिले. ते आणायला ती गेली आणि जिन्यात कोसळली. पुन्हा उठली नाही.

बातमी रांगेपर्यंत आली. एक बाई म्हणाली, "मग त्यांची वीट काढा. आमचंही लेकरू उपाशी आहे." तिची वीट चुना लावलेली, पांढरी होती.

"तूच काढ की," मागून कुणी म्हणाले.

"मी कशाला? रांग तोआनकाका बघतात."

तोआनकाका ट्रॅमवरचे निवृत्त कंडक्टर. ते म्हणाले, "चाळीस वर्षं तिकिटं फाडली मी. मेलेल्या माणसाला गाडीतून उतरवायचं काम माझ्याकडे कधी नव्हतं."

मला काढायला कुणी धजेना आणि पुढे सरकवायलाही धजेना. लोक मला वळसा घालून पुढे गेले. दुपारी दुकानवाल्या दिएपताईंनी खिडकी लावताना सांगितले, "पाच डबे उरलेत. आता तीन वाजता." रांगेत नऊ विटा होत्या. मी नववी. ती पांढरी वीट पाचवी.

गल्ली झोपली. ऊन इतके की फरसबंदी पांढरी दिसत होती. आणि मला ओल जाणवली. कुणीतरी माझ्या खळग्यांत तीन बोटे घातली. ती अडली नाहीत. थेट तळापर्यंत गेली आणि नेमकी बसली. लहान बोटे, थंडगार, नदीच्या चिखलाने माखलेली. पन्नास वर्षांत त्या खळग्यांत कुणाचे बोट बसले नव्हते. मी घसटत निघाले. आठव्या विटेशेजारून गेले, सातव्या, सहाव्या. पांढऱ्या विटेला माझा कोपरा घासला आणि तिचा थोडा चुना मला लागला. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते, मित्रांनो. आनंदाने की भीतीने, ते अजून मला सांगता येत नाही.

तीन वाजता लोक आले. मी खिडकीखाली पहिली होते, आणि माझ्यामागे रांगभर चिखलाच्या तीन ओल्या रेघा होत्या.

"कुणी हलवली ही?"

"मी नाही बाबा. आई शपथ."

"पंधरा दिवसांत पाऊस नाही. चिखल कुठून आला?"

दिएपताईंनी खिडकी उघडली. "कोण पहिलं? कुपनाचं पुस्तक हरवल्यासारखी तोंडं करून काय उभे राहिलात?"

तोआनकाकांनी डोक्यावरची टोपी काढली. "लुआमावशी आहेत पहिल्या."

दिएपताईंनी वाकून माझ्याकडे पाहिले, रेघांकडे पाहिले. त्यांचा आवाज खाली आला. "मला वर लिहून द्यावं लागतं, काका. मेलेल्या बाईला डबा दिला असं लिहू?"

"तसं कशाला? रांगेतल्या पहिल्या माणसाला दिला असं लिहा."

ताईंनी वहीत तसे लिहिले. मग त्यांनी एक डबा माझ्यावर ठेवला. काकांनी डबा आणि मला दोघांना घरी पोहोचवले. संध्याकाळी होआई दूध प्यायली आणि पोट भरताच मोठ्याने रडली. घरात मयत होते, तरी तिचे रडणे ऐकून माणसे हसली.

पण पाच डब्यांतला एक असा वळला, तो कुणाच्या वाट्याचा होता? पांढऱ्या विटेवालीचा. नियमाने तिचेच बरोबर होते. तिने आपली वीट उचलली, मूल घेतात तशी कडेवर घेतली आणि रिकाम्या हाताने गेली. तिचे नाव मला कुणी कधी सांगितले नाही. तिच्या लेकराचे काय झाले, तेही नाही.

मग आणखी एकदा काळ पालटला. कुपने गेली, रांगा गेल्या. दुधाचे डबे दुकानादुकानांत छतापर्यंत रचले गेले. पैसे टाका आणि न्या, कुणी अडवत नाही. पैसे नसले तर तुम्हाला कुणी हाकलतही नाही, कारण तुम्ही तिथे आहात हेच कुणाला दिसत नाही. रांगेत निदान वीट तरी दिसायची. मिएन गेली, ती राहायची ती चाळ पाडली, मी राडारोड्यात पडले. तिथून मला भंगारवाल्याने उचलले आणि खोआ नावाच्या तरुणाला विकले. त्याचे हे कॉफीचे दुकान. जुने टमरेल, जुन्या सायकली आणि मी, अशी त्याने मांडणी केली आहे. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर किमतीची चिठ्ठी लागली.

मध्यंतरी सायकलवरून फुले घेऊन एक बाई आली. रोज येते. त्या दिवशी तिची नजर माझ्यावर गेली आणि तिच्या हातातली फुले खाली पडली. ती होआई होती.

"ही माझ्या आजीची वीट. माझ्या दुधासाठी तिनं रांगेत ठेवलेली. आई सांगायची, तीन बोटांची."

"असं होय ताई?" खोआ म्हणाला. "मग तर किंमत वाढवायला हवी. गोष्टीसकट वीट." पण तिचा चेहरा बघून तो ओशाळला. "तुम्हाला थोडं कमी करीन."

थोडे कमी केलेलेही तिला परवडणारे नव्हते. तिने माझ्या खळग्यांत बोटे घालून पाहिली. बसली नाहीत. "थांब रांगेत," ती हळूच मला म्हणाली. "मी पैसे जमवून येते."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान झोपले होते. मला ओल जाणवली.

खोआने दुकानात काम करणाऱ्या पोरींना विचारले, वीट फळीवरून खाली कुणी आणली. कुणी कबूल होईना. तेव्हा त्याने ही पाटी केली. बिचाऱ्याला काय माहीत, मला हलवणारी सात वर्षांची आहे आणि तिला वाचता येत नाही. तो मला रोज फळीवर ठेवायचा. आता त्याने तेही सोडले आहे. मी रोज दुपारी हातभर पुढे येते. दारापर्यंत चार हात उरलेत.

मित्रांनो, जुन्या वस्तू सांभाळा, एवढे सांगून मी गप्प बसले असते. पण माझ्या कोपऱ्याला तो चुना अजून आहे. तुमचा नंबर आला, हातात डबा पडला, की एकदा मागे वळून बघा, पाचवी कोण होती. मला वळता आले नाही. विटेला मान नसते. तुम्हाला आहे.