बाहेरून आलेला पत्ता

"सुवर्णा, अगं तू वॉर्निंग काढायला बसलीस की वाढवायला?" रंगनाथ सरांनी मागून स्क्रीनकडे पाहत विचारलं.

द्वारका चौकातल्या त्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सुवर्णा कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, कोड तपासणारं टूल सुधारत होती. पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता. बाहेरच्या प्रोग्रामनं दिलेला पत्ता कर्नलनं पारखून घ्यायचा, डोळे झाकून वापरायचा नाही. टूल त्याबद्दल ओरडायचंही. पण गिऱ्हाइकाला वॉर्निंग नको असायची. म्हणून माल पाठवायच्या आधी सगळे मिळून त्या ओळींत 'फोर्स', म्हणजे 'हे बरोबरच धर', असं लिहायचे, की टूल मुकाट्यानं मान डोलवायचं. या रिवाजाची सुवर्णाला मनापासून चीड होती. आता तिनं टूलला त्या शब्दाला न भुलता, पत्ता मुळात कुठून आला हे शोधायला शिकवलं होतं.

आणि त्यानं पहिलाच चोर पकडला तो पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमधल्या, अमोनिया या विषारी वायूची गळती ओळखणाऱ्या, त्यांच्याच कंपनीच्या मशीनमध्ये.

"चालतंय ना दोन महिने बिनबोभाट?" सर म्हणाले.

"नशिबानं चालतंय, सर. एखाद्या वेळी पत्ता चुकीचा निघाला, तर मशीन जागच्या जागी गोठेल. घंटा वाजणार नाही. पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहील."

"द्राक्षांचा सीझन संपू दे, मग बघू." सर चहाला निघून गेले.

सुवर्णाची आई चंद्रभागा त्याच स्टोरेजमध्ये पेट्या लावायची. सुवर्णानं तिथं फोन फिरवला. तो वॉचमन हिरामणनं उचलला.

"हिरामणमामा, गॅसच्या मशीनवर आकडा किती आहे?"

"बारा."

"सकाळी?"

"बाराच व्हता. काल बी बाराच. लय गुणाचं मशीन हाय पोरी, हलतच नाय."

"आणि वास?"

"वास तं रोजचाच. नाकाला सवय झाली आता."

"आई कुठंय?"

"आत हाय. मघाच गेली पोरींना घेऊन."

"मामा, त्यांना बाहेर काढा! तुम्ही आत जाऊ नका, दारातूनच हाका मारा. आत्ताच्या आत्ता!"

रिसीव्हर टेबलावर आपटला. चपला घाईनं लांब गेल्या. जाड दार सरकलं.

"चंद्रभागा!" हिरामणनं हाक मारली. थांबून पुन्हा मारली. कुणी ओ दिली नाही. मग त्याला खोकला लागला. तो खोकला आत आत जात ऐकू येईनासा झाला.

सुवर्णा रिसीव्हर कानाशी घट्ट धरून उभी राहिली.