पाकिटातलं नाव

गुरुजींनी पाचवं पाकीट कपाळाला टेकवलं, डोळे मिटले आणि हॉलमध्ये एवढी शांतता झाली की छताचा पंखा कुरकुरतोय हे सगळ्यांना एकदमच ऐकू आलं.

रविवारची सकाळ होती. काचेच्या कारखान्याच्या कामगार मंडळाचा हॉल खचाखच भरला होता. खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, तेव्हा बायका खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसल्या. तिन्ही पाळ्यांमधून आलेल्या या बायकांचं दुखणं एकच होतं. झोपेत छातीवर काहीतरी येऊन बसतं. डोळे उघडे असतात, खोली दिसत असते, पण हात हलत नाही, पाय हलत नाही, ओरडावं म्हटलं तर आवाज फुटत नाही.

"भुताखेतांवर माझा विश्वास नाही," गुरुजींनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. "मी विज्ञान मानतो!" यावर टाळ्या पडल्या. "छातीवर बसतो तो जिवंत माणूस. तुमच्या ओळखीचा, तुमच्यावर जळणारा. त्याच्या मत्सराची कंपनं तुमच्या स्वप्नाच्या खिडकीतून आत शिरतात. तो कोण, हे तुमच्या मनाला ठाऊक असतं. चिठ्ठीवर लिहा, पाकिटात घाला, डिंकानं चिकटवा. मी पाकीट न उघडता वाचतो. मला वाचता आलं, तर नाव खरं!"

यातला हा 'तर' कुठून आला, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

पहिल्या पाकिटावर गुरुजी म्हणाले, "हिरव्या दाराचं घर... नणंद... धाकटी." मागच्या रांगेतून एक बाई किंचाळली, "माझंच ते! माझंच!" गुरुजींनी पाकीट फोडून चिठ्ठीवर नजर टाकली, "बरोबर" म्हणून मान हलवली आणि चिठ्ठी ताटात ठेवली. दुसऱ्या पाकिटावर एक बाई रडली, तिसऱ्यावर दोघी रडल्या. आता पाचवं.

"काचेची बाटली दिसतेय," गुरुजी म्हणाले. "दिव्यासमोर धरलेली. शेजारच्या टेबलावर एक वयस्क बाई. तिला सगळे... घड्याळ... घड्याळमावशी म्हणतात."

सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. तिथे भिंगबाई उभी राहिली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

भिंगबाई हे तिला कारखान्यानं दिलेलं नाव. औषधाच्या बाटल्या दिव्यासमोर फिरवून तपासायचं तिचं काम. केसाएवढी चीर तिच्या नजरेतून सुटत नसे आणि याचा तिला भारी अभिमान होता. शेजारच्या टेबलावरची घड्याळमावशी तिच्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठी. कधी मिनिटभर उशिरा आली नाही, म्हणून ती घड्याळमावशी. दोघींचं तसं बरं चाललं होतं. पण त्या रविवारच्या चारच दिवस आधी भिंगबाईनं पास केलेल्या ट्रेमधून मावशीनं एक चिरलेली बाटली उचलली आणि सुपरवायझरसमोर नुसती म्हणाली, "ही राहिली बघ." भिंगबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. चिठ्ठीवर काय लिहावं याचा विचार करताना पेन्सिल आपोआप चालली होती. बरं, रात्रपाळीहून येऊन ती दुपारी झोपायची, तेव्हा दारातून आत येणारी सावली थोडीशी वाकून चालायची. मावशीही थोडी वाकूनच चालायची. आणखी काय पुरावा हवा?

"आज मी तुमच्या स्वप्नात येईन," गुरुजींनी शेवटी आश्वासन दिलं, "आणि तुम्हाला स्वप्नातच जागं करीन!" सोमवारपर्यंत सातजणींच्या स्वप्नात गुरुजी येऊन गेले. दिवसभर दुसरा विषयच नव्हता, मग येणार नाहीत तर काय!

मावशीला मात्र कुणी काही सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही. तिच्या टेबलाशेजारचं स्टूल सरकलं, मग त्यापुढचं. जेवणाच्या सुट्टीत ती बाकावर बसली की बाक रिकामा व्हायचा. चौथ्या दिवशी ती भिंगबाईच्या समोर येऊन उभी राहिली.

"मी तुझं काय वाकडं केलंय गं?"

भिंगबाईनं बाटलीवरून नजर काढली नाही. "मला कामात बोलायला आवडत नाही, मावशी."

"नाव तू लिहिलंस ना?"

"मी लिहिलं. पण वाचलं त्यांनी. न उघडता."

आठवड्याभरात सुपरवायझरनं मावशीला फुटक्या काचांच्या शेडमध्ये पाठवलं. "तात्पुरतं," तो म्हणाला. "विभागातलं वातावरण बिघडतंय." तिथे टाकाऊ काच वितळवण्यासाठी वेचून भरतात. हातमोजे असतात, पण मावशीच्या वाट्याला आलेले दोन्ही डाव्या हाताचे होते. अकराव्या दिवशी तिच्या उजव्या अंगठ्यात काच घुसली ती थेट शिरेपर्यंत.

आणि भिंगबाईच्या छातीवर बसणारं काही हललं नाही. उलट, पूर्वी आठवड्यातून एकदा यायचं, ते आता दर दुपारी यायला लागलं. झोपायचीच तिला धास्ती वाटू लागली. नवरा डेपोतून घरी आला की ही खुर्चीत टक्क जागी. "डोळे बघ आरशात," तो म्हणाला. "गुरुजी राहू दे, आधी डॉक्टरला दाखव." शेवटी ती कारखान्याच्या दवाखान्यात गेली.

पडदा सरकवून आत पाऊल टाकलं तर समोर घड्याळमावशी. हाताला जाडजूड पट्टी. डॉक्टरबाई तिला अंगठा वाकवायला सांगत होत्या आणि अंगठा वाकत नव्हता.

भिंगबाई मागे फिरणार, तेवढ्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय होतंय?"

मावशीच्या देखत सांगायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. तिनं जमिनीकडे बघत कसंबसं सांगितलं. नाव तेवढं गाळलं.

"झोप किती होते?"

"रात्रपाळी असली की चार तास. कधी तीन."

"उताणं झोपता?"

"हो."

"हे बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "स्वप्न चालू असताना शरीर स्वतःलाच कुलूप लावून घेतं. नाहीतर स्वप्नात पळालात की पलंगावरून खाली पडाल. कधीकधी मन आधी जागं होतं आणि कुलूप उघडायला थोडा वेळ लागतो. खोली खरी दिसते, पण स्वप्न संपलेलं नसतं. मग खऱ्या खोलीत स्वप्नातलं माणूस येतं. पाळ्या बदलणाऱ्यांना, अपुरी झोप घेणाऱ्यांना हे जास्त होतं. एक-दोन मिनिटांत आपोआप सुटतं."

"पण वजन जाणवतं, बाई. श्वास कोंडतो."

"झोपेतला श्वास उथळ असतो. तुम्ही घाबरून मोठा घ्यायला बघता, तो घेता येत नाही, म्हणून कुणी दाबतंय असं वाटतं."

तोवर गप्प असलेली मावशी बोलली. "झटापट करायची नाही. पायाचा अंगठा हलवायचा. तेवढाच. एक हलला की सगळं सुटतं."

भिंगबाईनं पहिल्यांदाच वर बघितलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"मलाही होतं. रात्रपाळी लागली त्या वर्षापासून. बावीस वर्षं झाली." मावशी पट्टीकडे बघत होती. "माझ्या छातीवर माझी आई बसायची. मला जिनं जन्मात एक चापट मारली नाही, ती. मी कधी कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, लोक आईला नावं ठेवतील."

भिंगबाईला तिथे उभं राहवेना. ती घरी आली आणि न जेवता बसून राहिली.

डॉक्टरबाईंनी आणखी एक सांगितलं होतं. दिवसातून आठ-दहा वेळा थांबून स्वतःचे हात नीट बघायचे आणि खरोखर विचारायचं, मी जागी आहे की स्वप्नात? उठल्यावर स्वप्न वहीत लिहायचं. ही सवय पुढे स्वप्नातही उतरते आणि आतच कळतं की हे स्वप्न आहे. त्यासाठी कुणा गुरूला आत बोलवावं लागत नाही. मात्र आधी झोप पुरी करायची. भिंगबाईनं खिडकीला जाड चादर लावली, ठरल्या वेळी झोपायला लागली, कुशीवर झोपायला लागली. त्रास रोजच्याऐवजी आठवड्यातून एकदावर आला. आणि तिसऱ्या आठवड्यात, एका दुपारी, ते जमलं.

दार उघडलं. वाकलेली सावली आत आली. छातीवर वजन आलं, चेहरा दिसला, मावशीचाच. भिंगबाईच्या काळजाचं पाणी झालं. पण आत कुठेतरी आवाज आला: हात बघ. स्वतःचे हात हलत नव्हते, म्हणून तिनं त्या बाईचे हात बघितले. दोन्ही हात धडधाकट होते. पट्टी नव्हती.

मावशीच्या हाताला तर पट्टी आहे, असं तिच्या मनात आलं. आलं मात्र, उजव्या हातावर पट्टी उगवली! तिच्या डोळ्यांदेखत, जशी तिला आठवत होती तशी, गाठीसकट.

मग तिनं मुद्दाम नवऱ्याचा विचार केला. मावशीच्या ओठांवर मिशा आल्या. छातीवर नवरा बसला होता, डेपोच्या तेलकट शर्टात. तिनं पायाचा अंगठा हलवला. खोली रिकामी होती आणि बाहेर पत्र्यावर ऊन तापत होतं.

नवरा संध्याकाळी हे ऐकून पोट धरून हसला. ती हसली नाही. जो चेहरा द्यावा तो त्या सावलीला लागत होता. मावशीचा तिनंच दिला होता. मग गुरुजींनी वाचलं ते काय?

पुढच्या रविवारी गुरुजी पुन्हा हॉलमध्ये आले, तेव्हा ती पहिल्या रांगेत जाऊन बसली. ठरवलं होतं, तो काय बोलतो ते ऐकायचं नाही, बाटली तपासावी तसे त्याचे हात तपासायचे. आपल्या पाकिटाच्या कोपऱ्यावर तिनं बाद बाटल्यांवर खूण करायच्या लाल पेन्सिलीनं मोहरीएवढा ठिपका दिला होता.

पहिलं पाकीट. मागून तीच किंकाळी, "माझंच!" फोडलं, बघितलं, ताटात. दुसरं, तिसरं. चौथ्या पाकिटाच्या कोपऱ्यात लाल ठिपका होता. ते कपाळाला लावून गुरुजी कुणाच्या तरी जावेबद्दल बोलले, मग ते फोडलं, आत बघितलं, ताटात ठेवलं. पाचवं पाकीट कपाळाला टेकवलं.

"आत्या दिसतेय," गुरुजी म्हणाले. "बिनदातांची. हसतेय..."

भिंगबाई उठली. "ती माझी चिठ्ठी, गुरुजी."

"बघा! बघा!"

"पण माझं पाकीट तुमच्या कपाळावर नाही. ताटात आहे, फोडलेलं. त्याच्यावर लाल ठिपका आहे." ती पुढे झाली आणि तिनं ताटातून पाकीट उचलून सगळ्यांना दाखवलं. "कपाळावर आहे ते कुणाचं?"

गुरुजींनी हात मागे घेतला, पण शेजारच्या बाईनं पाकीट ओढलंच. फाडलं. "अगंबाई, ही तर माझ्या बहिणीची चिठ्ठी!"

"पहिल्या पाकिटावर बोलतात ते कुणाच्याच चिठ्ठीतलं नसतं," भिंगबाई म्हणाली. "मागची बाई त्यांची आहे, काहीही बोलले तरी ती 'माझंच' म्हणते. मग पडताळून बघायच्या नावाखाली खरं पाकीट उघडायचं, वाचायचं, आणि पुढचं पाकीट कपाळाला लावून मागचं बोलायचं. एवढंच आहे. आणि मला आत्या नाही. माझ्या वडिलांना बहीणच नव्हती. ह्यांनी वाचलं म्हणून ती जन्माला आली का?"

किंकाळीवाली बाई कधीच दाराबाहेर गेली होती. गुरुजी कंपनांबद्दल काहीतरी बोलत होते, पण ते हशात बुडालं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. "वा गं भिंगबाई! नजर असावी तर अशी!"

त्या टाळ्यांनी तिला कानफटात मारल्यासारखं झालं.

"टाळ्या नका वाजवू," ती म्हणाली. "पाकिटाची लबाडी त्यांची. त्या दिवशी पाकिटातलं नाव मी लिहिलेलं होतं. त्यांनी मला माझंच अक्षर वाचून दाखवलं आणि मी ते खरं मानलं. कारण मला ते खरं हवं होतं."

स्टुलं सरकवलेल्या सगळ्याजणी तिथेच होत्या. कुणी कुणाकडे बघेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मावशीच्या घरी गेली. सूनबाईनं दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. मावशीच बाहेर आली. भिंगबाईनं हॉलमधलं सगळं सांगितलं, रडत रडत, आणि पिशवीतून एक कागद काढला. कारखान्याच्या फलकावर लावायला तिनं लिहून आणला होता. मावशीनं उभ्या उभ्या वाचला. मग डाव्या हातात पेन घेऊन शेवटच्या ओळीवर वाकडीतिकडी रेघ मारली.

"'मावशींनी मोठ्या मनानं मला माफ केलं आहे'," तिनं वाचून दाखवलं. "हे मी कधी म्हटलं?"

भिंगबाईला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"अजून नाही म्हटलं," मावशी म्हणाली. "म्हणेन की नाही, मला माहीत नाही. बाटली फिरवायला अंगठा लागतो. पण कागद लाव. बाकीचा बरोबर आहे."

मंगळवारी सकाळी पाळी बदलायच्या वेळी कागद फलकावर होता. येणाऱ्या आणि जाणाऱ्या, दोन्ही पाळ्यांनी तो उभं राहून वाचला:

"माझ्या छातीवर झोपेत कुणी बसतं असं मी सांगत होते. कुणीही बसत नव्हतं. माझी झोप अपुरी होती आणि मी घाबरले होते. घड्याळमावशींचं नाव मी रागानं लिहिलं. त्यामुळे त्यांना शेडमध्ये पाठवलं गेलं आणि त्यांचा अंगठा कायमचा अधू झाला. त्यांना तपासणी विभागात दुसरं काम द्यावं, असा अर्ज मी व्यवस्थापनाला दिला आहे, ज्यांना पटेल त्यांनी त्यावर सही करावी. ज्यांना असा त्रास होतो त्यांनी दवाखान्यात जावं, लाजू नये. हा आजार पुष्कळांना असतो, त्यात कुणाचाही हात नसतो. आणि आपल्या दुखण्याला कुणी एखाद्या माणसाचं नाव दिलं, मग सांगणारा कितीही मोठा असो, तर त्याला एवढंच विचारा: कशावरून? मी विचारलं नाही."