चौघांचा एक डबा

मामाकडे माणसं यायची ती हातात काहीतरी बिघडलेलं घेऊनच. ॲम्प्लिफायर, माइक, कर्णे, खरखरणारे स्पीकर. नुसतंच "काय, बरं आहे ना?" विचारायला कुणी येत नसे, आणि त्याची तक्रार करावी असा मामाचा स्वभावही नव्हता. लग्न राहून गेलं ते गेलंच. दुकानामागच्या खोलीत एक पलंग, एक शेगडी आणि दोन कप होते. त्यातला एक कप बहुतेक दिवस फळीवर पालथा पडलेला असे.

तो कप खाली यायचा तो भोंग्यासाठी. भोंगा म्हणजे त्याच्या बहिणीची मुलगी. पाळण्यात असताना तिनं रडून रडून शेजाऱ्यापाजाऱ्यांना सळो की पळो करून सोडलं होतं, म्हणून मामानं हे नाव ठेवलं. पुढे पोरगी इलेक्ट्रिक गिटार वाजवायला लागली तेव्हा "मी आधीच सांगितलं होतं" म्हणत त्यानं कॉलर ताठ केली. गिटारचा आवाज बदलणारी तिची चारही पेडलं त्यानंच बनवून दिलेली. आवाज फाडणारं होतं त्याला ती फाटका म्हणायची. आवाज वाढवणारा तो जोर, आवाज हेलकावणारी ती थरथर, आणि वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकवणारा तो पडसाद. चार डब्या जमिनीवर मांडायच्या, पायानं बटण दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. चार डब्या म्हणजे मधल्या वायरी आल्या, चार अडॅप्टर आले, आणि त्यातलं एक ना एक सारखं रुसून बसायचं. मग भोंगा ते काखोटीला मारून दुकानात हजर.

एक दिवस ती चारही डब्या पिशवीत घालून आली आणि पिशवी टेबलावर रिकामी केली.

"मामा, नोकरी लागली. प्रवासी जहाजावर, तिथल्या बँडमध्ये. खोली म्हणजे नुसतं कपाट आहे रे, सामानाला जागाच नाही. हे चारही एका डब्यात बसव ना. चार बटणं, एक अडॅप्टर, विषय संपला."

"आणि बिघडलं की?"

"तुझं काम बिघडतं होय कधी?"

"मग इतकी वर्षं काय माझं तोंड बघायला येत होतीस?"

"चहा प्यायला," ती म्हणाली आणि फळीवरचा कप स्वतःच काढून घेतला.

मामानं काम मनापासून केलं, हे आधी सांगायला हवं. त्यानं तिला पुठ्ठ्यावर उभं केलं, बुटाभोवती पेन्सिल फिरवली आणि एक बटण दाबताना शेजारचं दबू नये इतकं अंतर मोजून घेतलं. ॲल्युमिनियमच्या डब्याला भोकं पाडली. फाटका सगळ्यांच्या आधी, पडसाद सगळ्यांच्या शेवटी, कारण पडसाद आधी लावला तर फाटका त्याचाही चिखल करून ठेवतो. बटण बंद असेल तर आवाज त्या सर्किटला वळसा घालून पुढे जावा, अशी चौघांची स्वतंत्र सोय. जागा फार नव्हती, म्हणून करंट मात्र त्यानं एकाच तारेवरून नेला: सॉकेटपासून जवळ पडलेल्या थरथरीला, आणि तिथूनच पुढे बाकीच्या तिघांना.

काम जसजसं पुरं होत गेलं तसतसा त्याचा हात जड झाला. इतकं सुटसुटीत काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. हा डबा कधी बिघडणार नाही, हे त्याला दिसत होतं. म्हणजे तो कप फळीवर पालथाच राहणार.

मग त्यानं ते केलं. थरथरीच्या करंटच्या तारेचा सांधा त्यानं पुन्हा वितळवला आणि कथील गार होण्याआधीच तार किंचित हलवली. याला धंद्यात ड्राय सोल्डर म्हणतात. वरून सांधा धरलेला दिसतो, चालतोही, पण हादरे बसत गेले की एक दिवस सोडतो. शिकाऊ पोरं चुकून असला सांधा करतात आणि शिव्या खातात. मामानं तो सगळी अक्कल पणाला लावून केला. थरथर तेवढी जाईल, त्यानं मनाची समजूत घातली. ती बटण बंद करेल, गाणं पुरं करेल, आणि जहाज परतलं की डबा घेऊन येईल.

भोंगा न्यायला आली. चारही बटणं दाबून पाहिली, बटणांशेजारचे चारही दिवे लागले, तिनं वाजवलं आणि दुकानाच्या काचा थरथरल्या. मामानं सवयीनं लाकडी काडी पुढे केली. झाकण लावायच्या आधी प्रत्येक सांध्यावर काडीनं टिचकी मारायची आणि कुठे खरखर होते का ऐकायचं, हे त्यानं तिला लहानपणीच शिकवलं होतं.

"तुझे सांधे काय तपासायचे, मामा?" तिनं काडी त्याच्याच खिशात खोचली, झाकण घट्ट पिळलं आणि त्याला मिठी मारून निघून गेली. तेव्हा बोलायला हवं होतं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नये. फोन वाजला की तो तिचा नसावा असं वाटायचं, आणि गिऱ्हाइकाचा निघाला की वाईटही वाटायचं. एकटेपणाची त्याला सवय होती. वाट बघण्याची नव्हती. वाट तरी कसली बघत होता? आपलंच काम मोडण्याची.

एका दुपारी तिचा फोन आला. मागे बंदरातला गोंगाट होता.

"डबा गेला, मामा."

"थरथर?" त्याच्या तोंडून निसटलं.

"चारही. दिवे एकदम गेले. माझा एकटीचा तुकडा होता, बाकीचे थांबले होते. कुठलं चालू, कुठलं बंद ते कळेना, मी बटणं दाबत बसले. शेवटी डबा काढून गिटार थेट ॲम्प्लिफायरला लावली, तोवर लोक टाळ्या वाजवून हसत होते."

मामाच्या डोळ्यांपुढे ती एकच तार आली. चार डब्या वेगळ्या होत्या तेव्हा एक बिघडली तर एकच बिघडायची. आयुष्यभराच्या त्या सवयीनं त्यानं हिशेब केला होता, आणि चौघांचा जीव आपणच एका सांध्याला बांधलाय हे साफ विसरला होता.

"उघडला मग?"

"उघडला, आणि केला दुरुस्त. जहाजावरच्या वीजवाल्याकडून सोल्डरिंग आयर्न मागून आणलं. ड्राय सोल्डर होता, मामा. तुझा सांधा असा नसतो."

डोळे कमजोर झालेत, वय झालं, जहाजाचे हादरे, सगळ्या सबबी त्याच्या जिभेवर आल्या. त्यातली कुठलीही तिनं मानली असती.

"मुद्दाम ठेवला होता," तो म्हणाला. "तू परत यावीस म्हणून."

"मी एवढी वर्षं काय पेडलांसाठी येत होते?" ती म्हणाली. "वेडा आहेस तू. येईन की रे मी. येईनच."

"डबा आता चालतोय ना?"

"चालतोय. बाकीचे सांधे पण बघितले. काडी घेऊन, एकेक करून, सगळे."

"मग?"

"पक्के होते."

"होते ना," मामा म्हणाला.

"हो. पण तपासले मी."

तिनं पुढच्या बंदरातून फोन करीन म्हणून सांगितलं आणि ठेवला. ती येईल, यात मामाला शंका नव्हती. पोरगी शब्दाची पक्की होती. त्यानं खिशातली काडी काढून टेबलावर ठेवली. तेवढ्यात दारात एक गिऱ्हाईक आलं, दुरुस्त झालेला ॲम्प्लिफायर न्यायला.

"तपासायला नको ना?" गिऱ्हाईक हसत म्हणालं. "तुमचं काम म्हणजे बघायला नको."

"बघा," मामा म्हणाला आणि त्यानं झाकणाचे स्क्रू काढायला घेतले.